परसात लांब कुंडी ठेवताय? लांबी नंतर बघा, आधी खोली बघा!

घरामागं आठ-दहा फुटांची जागा. खाली कोबा, एका कोपऱ्यात जुनी टाकी, वर कपडे वाळत घालायची तार. मग एक दिवस मोबाईलवर रील दिसतं. भिंतीलगत लांबलचक कुंडी, त्यात टोमॅटो, पुदिना, झेंडू, सगळं हिरवंगार. चार दिवसांत तशीच कुंडी घरी येते आणि नर्सरीतून सात-आठ रोपंही येतात.

पहिला महिना मस्त जातो. दुसऱ्या महिन्यात एका टोकाचं रोप पिवळं पडतं, दुसऱ्या टोकाचं सुकतं आणि मधे नुसता पुदिना माजतो. "आमच्या हाताला झाडंच लागत नाहीत" म्हणत कुंडी अडगळीत जाते.

पण दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. दहा सुट्या कुंड्यांमध्ये प्रत्येक झाडाची माती आणि पाणी वेगळं असतं. लांब कुंडीत मात्र सगळी झाडं एकाच खोलीतले भाडेकरू असतात. ही खोली कशी निवडायची आणि त्यात कुणाला ठेवायचं, हे आधी ठरवलं की निम्मं काम झालं.

जमीन असताना कुंडी कशाला?

अनेक घरांच्या मागं खरी जमीन उरलेलीच नसते. कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक असतात आणि जिथं माती दिसते तिथं बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. काळी माती असेल तर ती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कुंडीत माती आपल्या मर्जीची भरता येते, हा तिचा मोठा फायदा.

किती खोल हवी?

दुकानात आपण विचारतो, "तीन फुटी आहे का?" खरा प्रश्न आहे, "खोल किती आहे?"

मेथी, कोथिंबीर, पालक यांना ६ ते ८ इंच खोली पुरते. मिरची, वांगी, टोमॅटो लावायचे असतील तर किमान १२ इंच हवी. टोमॅटोला १५-१८ इंच मिळाली तर आणखी बरं. दिसायला सुबक, पण पाचच इंच खोल असलेल्या कुंडीत टोमॅटो लावला, तर तो वाढतो, फुलतो आणि उन्हाचा चटका वाढला की दुपारी मान टाकतो.

उथळ कुंडीची आणखी एक अडचण आहे. ती समजायला भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्या. तो पूर्ण भिजवून आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की त्याला उभा करा. आणखी पाणी गळतं! स्पंज तोच, फक्त उंची वाढली. मातीचंही तसंच आहे. जादा पाणी निघून गेल्यावरही कुंडीच्या तळाशी ओल्या मातीचा एक थर उरतोच. खोल कुंडीत मुळांना त्याच्या वर भरपूर जागा असते. उथळ कुंडीत निम्मी माती त्या चिखलातच जाते आणि मुळं कुजतात.

भोकं आहेत ना?

प्लास्टिकच्या अनेक कुंड्यांना तळाशी भोकं नसतात, नुसत्या गोल खुणा असतात. त्या आपल्याला पाडाव्या लागतात. घाईत ते राहून जातं आणि पहिल्याच मोठ्या पावसात कुंडीचं डबकं होतं. लांब कुंडीला साधारण दर ६-८ इंचांवर, करंगळी जाईल एवढं भोक हवं. दोन्ही टोकांना तर हवंच.

भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी ठेवली की माती वाहून जात नाही. पण तळाला विटांचे तुकडे नाहीतर खडीचा तीन-चार इंचांचा थर देऊ नका. तो भोकांची जागा घेऊ शकत नाही, उलट मुळांची तेवढी खोली खातो.

आधी जागा, मग माती

३ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट खोल कुंडीत साधारण ८५ लिटर माती बसते. साधी बागेतली माती भिजली की हे वजन सव्वाशे किलोच्या पुढं जातं. भरलेली कुंडी दोन्ही टोकांना धरून उचलली तर प्लास्टिक मधोमध तडकतं. त्यामुळं कुंडी आधी जागेवर ठेवा, मगच भरा. हीच कुंडी गच्चीवर किंवा बाल्कनीत न्यायची असेल तर वजनाबद्दल आधी इंजिनिअरला विचारा.

कुंडीखाली टोकांना आणि मधे विटा द्या, म्हणजे भोकं मोकळी राहतात. मग सपाटी तपासा. परसातला कोबा बहुतेक वेळा पाणी जाण्यासाठी उताराचा असतो. लांब कुंडी त्या उतारावर ठेवली की पाणी एका टोकाला साचतं आणि दुसरं टोक कोरडं पडतं. एक रोप पिवळं, दुसरं सुकलेलं, याचं कारण अनेकदा हेच असतं. खालच्या बाजूला फरशीचा एक तुकडा सरकवला की काम भागतं.

फळभाज्यांना रोज ५-६ तास ऊन लागतं, पालेभाज्यांचं ३-४ तासांतही भागतं. विदर्भ-मराठवाड्यासारख्या कडक उन्हाच्या भागात काळी कुंडी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. बाजू तापतात आणि मुळं भाजतात. फिकट रंग घ्या, एप्रिल-मेमध्ये वर हिरवी जाळी बांधा.

माती कशी भरायची?

सोपं प्रमाण: एक भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट आधी पाण्यात भिजवून, एकदा धुऊन घ्या, कारण त्यात क्षार असू शकतात. शेणखताला वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. तसंच वापरलं तर मुळांना इजा होते.

कुंडी काठोकाठ भरू नका. वर दोन इंच सोडा, नाहीतर पाण्याबरोबर माती बाहेर येते.

कुणाला कुणाचा शेजार?

सगळ्यांत जास्त गडबड इथंच होते. नियम एकच: सारखी तहान असलेली झाडं एकत्र.

कोरफड आणि अळू एका कुंडीत नकोत. एकाला कोरडं हवं, दुसऱ्याला ओल. पुदिना खालून धावरे सोडत सगळी कुंडी व्यापतो, त्याला वेगळी कुंडी द्या. कढीपत्ता आणि लिंबू मोठे होतात, तेही इथं नकोत.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ३ फुटी कुंडीसाठी एक जमणारी जोडी: मिरचीची ३ रोपं फूट-फूट अंतरावर आणि पुढच्या कडेला कोथिंबीर. धने हलके रगडून दोन भाग करा आणि पेरा, साधारण ८ ते १५ दिवसांत उगवतात. टोमॅटो लावायचा तर या कुंडीत दोनच रोपं बसतात. रोपं लहान असताना जागा रिकामी दिसते, पण मोह आवरा. ती जागा मुळांची आहे.

उंच झाडं उत्तरेच्या बाजूला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, त्यामुळं बुटक्यांवर सावली पडत नाही.

पाणी किती?

"रोज एक तांब्या" असा हिशोब चालत नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, खालून पाणी येईपर्यंत द्या.

खाली ट्रे असेल तर पावसाळ्यात तो काढूनच टाका. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत होते. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतो. त्या दिवशी कूलर, टाक्यांसोबत कुंडीखालचा ट्रेही रिकामा करून घासून घ्या.

या शनिवार-रविवारी नर्सरीत जाणार असाल तर टेप सोबत न्या. कुंडीची खोली मोजा, ती उलटी करून भोकं बघा. रोपं निवडायची ती त्यानंतर.