वजनकाट्यापासून बँकेपर्यंत : पावतीची वाट



गाडी काट्यावरून उतरली, पावती खिशात पडली, की सभासद घराकडे वळतो. त्या वजनाचा खरा प्रवास मात्र तेव्हा सुरू होतो. पूर्वी पावत्यांचे गठ्ठे शेतकी खात्यातून हिशेब खात्यात हातोहात जात. आता काट्याचा, शेतकी खात्याचा, बिलाचा आणि बँकेचा असे निरनिराळे संगणक एकमेकांना निरोप धाडतात. ठरलेल्या नमुन्यात विचारावे आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यावे, या सोयीला वेब सर्व्हिस म्हणतात. निरोप कोणत्या वाटेने जाणार आणि वाटेत त्याच्यावर कोणते संस्कार होणार, हे आधी आखावे लागते.

आता बघा, काटा किलोत बोलतो आणि बिल टनात होतं. भरलेली गाडी २४,६४० किलो, रिकामी ९,२८०. म्हणजे बिलाकडे १५.३६० टन गेले पाहिजेत. हे रूपांतर एकाच टप्प्यावर व्हावे. दोन ठिकाणी झाले की घोटाळा ठरलेलाच. पुढे फाटा लागतो. सोसायटीचे पीककर्ज असेल तर निरोप आधी वसुलीकडे, नसेल तर सरळ बँकेकडे. वजनाचा एसएमएस मात्र आमच्या मते काट्यावरूनच वेगळ्या वाटेने सुटावा. बँकेचा संगणक बंद म्हणून सभासदाला स्वतःचे वजन कळू नये, हे काही बरे नाही.

रात्री रेंज गेली की काट्याला पोच मिळत नाही. मग तो तेच वजन पुन्हा पाठवतो, आणि पाठवलेच पाहिजे. घेणाऱ्याने पावतीचा नंबर तपासावा. आधी आलेला असेल तर नुसती पोच द्यावी, वजन दुसऱ्यांदा धरू नये. नाहीतर एका खेपेचे दोन वेळा बिल निघते, आणि ते परत मागताना काय होतं ते सांगायला नको.

सगळ्यात अवघड गोष्ट अडलेल्या निरोपाची. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून तिचे जुने आयएफएससी कोड बंद झाले. असा एखादा जुना कोड यादीत राहिला की पैसे जागेवर पोचत नाहीत. आखणी कच्ची असेल तर त्या एका पावतीमागे सगळी रांग खोळंबते, किंवा पावती गुपचूप गळून जाते. ग्रेगर होपे आणि बॉबी वूल्फ यांनी २००३ सालच्या आपल्या पुस्तकात यासाठी ‘डेड लेटर चॅनेल’ सांगितला आहे : पत्ता न लागलेल्या टपालासारखी अडलेल्या निरोपांची वेगळी पेटी. पण नुसती पेटी ठेवून भागत नाही, ती रोज उघडणारा माणूस नेमलेला हवा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पुढे वर्षाला १५ टक्के व्याज. पेटीत पडलेल्या पावतीचेही दिवस मोजले जातातच.

खाते किंवा शाखा बदललेल्या सभासदांनी पासबुकाची झेरॉक्स गट ऑफिसात द्यावी. चौकशीला येताना पावतीचा नंबर आणावा. नावावरून शोधायला गेलं तर एका गावात त्याच नावाचे चार सभासद निघतात.