गरगरण्यावर जेल चालेल का?

सकाळी ८
आठवड्यातून एकदा मी जालन्याहून घनसावंगीला कान-नाक-घशाची ओपीडी घ्यायला येते. अंबड मागे पडलं की दुतर्फा ऊस, कापूस आणि मोसंबी. मोसंबीची तोड सुरू असली की चक्करवाले हमखास येतात. झाडाखाली दिवसभर मान वर करून काम, त्यात कानाचं दुखणं उघडं पडतं.

सकाळी १०
नेहमीची रांग. वाहणारे कान, मळ, बुरशी. कानात तेल घालू नका, हे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं.

सकाळी ११
साठीच्या मावशी मानेचा एक्स-रे घेऊन आल्या. "कूस बदलली की घर फिरतंय बघा. एक सलाईन लावा." बीपी ठीक, साखर ठीक. त्यांना पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि पटकन आडवं केलं, डोकं कडेच्या जरा खाली. दोन-चार सेकंद काहीच नाही. मग बुबुळं फिरकी घेत फडफडू लागली, मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. निदान झालं.

आतल्या कानात चुन्याचे बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. वयाने किंवा मार लागून ते सुटतात आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळतात. मान हलली की कण सरकतात, नळीतला द्रव हलतो आणि मेंदूची समजूत होते की आपणच फिरतोय. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली युक्ती साधी आहे: डोकं ठरल्या क्रमाने वळवत कण परत जागेवर घालवायचे. डोकं डावीकडे, मग डावी कूस, नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. मावशींकडून तेच करून घेतलं. औषध नाही, सुई नाही.

दुपारी १२
मावशींचा मुलगा अडला. "मॅडम, आईच्या गुडघ्यात वंगणाचं हायल्युरोनिक इंजेक्शन दिलं होतं. कानातलं वंगण संपलं असेल तर?" मेडिकलमधून आणलेली हायल्युरोनिकच्याच कॅप्सूलची पट्टी त्याने पुढे केली.

प्रश्न वेडा नव्हता. हायल्युरोनिक आम्ल म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी. ती कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना १९३४ साली गुरांच्या डोळ्यात सापडली. पाणी धरून फुगणं हा तिचा गुण, आणि त्याच गुणावर कान घडतो. हॅडन आणि लुईस या संशोधकांनी १९९१ मध्ये बेडकाच्या पिल्लांत ते दाखवलं. सुरुवातीला कान म्हणजे नुसती पोकळ पिशवी. तिच्या भिंतीमागे हायल्युरोनिक आम्ल साठतं, फुगतं आणि भिंतीला आत ढकलतं. समोरासमोरचे कोंब भेटून त्यांचा खांब होतो. खांबाभोवती उरते ती नळी. हे आम्ल विरघळवणारं विकर टोचलं, तर कोंब बसून जातात. २०२१ मध्ये हार्वर्डच्या आकांक्षी मुंजाल आणि सहकाऱ्यांनी झेब्रा माशात पुढचा उलगडा केला: पेशींचे धागे कोंबाला आवळून धरतात, म्हणून तो फुग्यासारखा गोल न होता लांब वाढतो.

"म्हणजे," मी त्याला म्हणाले, "नळ्या घडवायचं काम आईच्या जन्माआधीच झालंय. आता कण सुटलेत. कॅप्सूलने ते जागेवर जात नाहीत." पट्टी परत कर म्हटलं.

दुपारी २
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीतून पाठवलेलं मूल. टाळीला वळत नाही, भांडं पडलं तरी दचकत नाही. ऐकू येतं का हे पाहणाऱ्या बेरा तपासणीसाठी चिठ्ठी दिली. पुढे कॉक्लियर इम्प्लांट करावं लागलंच, तर तिथे मात्र हायल्युरोनिक आम्लाचं जेल भेटेल: आतल्या कानाच्या शंखात इम्प्लांटची तार सरकवताना काही सर्जन ते वापरतात. तार अलगद जाते, रक्त आणि हाडाचा भुगा आत शिरत नाही.

दुपारी ४
एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालेला तरुण. दिवस वाया न घालवता स्टेरॉइड सुरू केलं. कानाच्या पडद्यातून दिलेलं औषध घशाकडे निसटतं, म्हणून ते या जेलमध्ये कालवून आतल्या कानाच्या खिडकीपाशी थोपवायचे प्रयोग झालेत. जेलमधल्या एका नव्या औषधाची मोठी चाचणी २०१७ मध्ये मुख्य कसोटीवर उतरली नाही. औषध थोपलं म्हणजे कान बरा झाला, असं नव्हे.

संध्याकाळी ५.३०
मावशींना निघण्याआधी पुन्हा आडवं करून पाहिलं. बुबुळं स्थिर. आठवड्याने दाखवायला या, परत गरगरलं तर घाबरू नका, हीच कसरत पुन्हा करू, असं सांगितलं. सिस्टरांकडे एकच मागणी ठेवली: पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा, डोकं कडेबाहेर काढायला तेवढी जागा लागते.