झांजीबारचा करार आणि शरणपूरचीं माणसें

घोडपदेवच्या पूर्वेस पसरलेल्या मुंबई बंदराचा पूर्व आफ्रिकेशीं संबंध जुना आहे. त्यांतील एक प्रकरण आज सांगावयाचें आहे.

झांजीबारमधील गुलामांचा व्यापार थांबविण्यासाठीं ब्रिटननें मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांस वकील म्हणून पाठविलें. त्यांच्या शिष्टाईनें सुलतान बर्गश वळले नाहींत. पुढें आरमारी नाकेबंदीची धमकी मिळाली, तेव्हां ५ जून १८७३ रोजीं करार झाला आणि गुलामांचा बाजार बंद पडला.

परंतु बाजार बंद झाला म्हणजे सुटलेल्या माणसास घर मिळालें असें नव्हे. ब्रिटिश आरमारानें समुद्रावर सोडविलेलीं कित्येक आफ्रिकन मुलें करारापूर्वींच मुंबईस उतरविलीं गेलीं होतीं. त्यांपैकीं अनेकांना नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनच्या आश्रमांत अक्षरओळख व सुतारकाम, लोहारकाम शिकावयास मिळालें. मुक्त गुलामांसाठीं १८७५ सालीं मोंबासाजवळ वसाहत निघाली, तेव्हां हींच शिकलेलीं माणसें तेथें शिक्षक व कारागीर म्हणून गेलीं.

वसाहतीस नांव मिळालें वकिलाचें, फ्रेअर टाउन. ती उभारण्यास हात लागले ते मात्र एके काळीं गुलाम असलेल्यांचे. एका राष्ट्रानें दुसऱ्यास केलेल्या साहाय्याचा हिशेब मांडतांना हे हात विसरूं नयेत.