कानातली भीती, हातातलं बटण

"साहेब, गोळी घेऊनसुद्धा तीन-साडेतीनला जाग येतेच. छातीत धडधड होते, मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही."

औसा तालुक्यातल्या त्या ताई तिसऱ्यांदा बाह्यरुग्ण विभागात आल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. साखर, थायरॉइड, हृदयाचा आलेख, सगळं ठीक. आधीच्या दोन भेटींत मी चहा किती घेता, दुपारी झोपता का, एवढं विचारून झोपेची गोळी लिहून दिली होती. या वेळी विचारलं, "झोपायच्या आधी काय करता?"

"काही नाही. डोळे दुखतात म्हणून टीव्ही सोडला. लेकानं मोबाइलमध्ये गोष्टी टाकून दिल्यात, त्या कानात घालून पडते." कसल्या गोष्टी, म्हटल्यावर ताई जरा ओशाळल्या. "भुताच्या."

मला हसू आलं, कारण त्या गोष्टी मीही ऐकतो. लातूर ते नांदेड या रस्त्यावर चाकूर, अहमदपूर, लोहा पार होईस्तोवर एक छोटी कादंबरी निम्म्याहून अधिक ऐकून होते. २०१७मध्ये 'स्टोरीटेल' मराठीसह भारतात आलं आणि वाचायला वेळ नसलेल्या माझ्यासारख्यांची सोय झाली. नारायण धारपांच्या भयकथा, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आमच्या पिढीनं वाचनालयातून आणून चादरीखाली वाचल्या. आता तो प्रकार कानांवर आला आहे.

श्रोता म्हणून माझं मत असं, की भयकथा कानांना वाचनापेक्षा जास्त मानवते आणि विज्ञानकथा थोडी कमी. विज्ञानकथेत एखादी कल्पना समजली नाही तर पुस्तकात पान उलटून मागे जाता येतं; ऐकताना हातून सुटलेलं वाक्य पुढच्या दहा मिनिटांचा घोळ करतं. म्हणून ती मी चालताना, सकाळी ऐकतो. भयकथेला मात्र एक संथ, साधा आवाज पुरतो. पाठीमागे गडगडाट, किंकाळ्या, करकरणारी दारं घातली, की गोष्ट मागे पडते आणि नुसतं दचकणं उरतं.

हे दचकणं समजून घेण्यासारखं आहे. अचानक मोठा आवाज झाला, की एका सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटतात, मान आखडते. हा निर्णय आपण घेत नाही. मेंदूच्या खोडातून तो परस्पर होतो. पाठोपाठ अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याचा इशारा देतो, अॅड्रेनालिन स्रवतं, नाडी वाढते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही मेंदू आवाजांवर पहारा ठेवतो. किंकाळीची तऱ्हा तर आणखी वेगळी. तिची तीव्रता एका सेकंदात ३० ते १५० वेळा झपाट्यानं कमी-जास्त होते. साध्या बोलण्यात असा खरखरीतपणा नसतो. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की हा खरखरीतपणा जितका जास्त, तितकी अमिग्डला जास्त सक्रिय होते.

मग अशी भीती आवडते कशी? कारण दुसरीकडे मेंदूचा पुढचा भाग सांगत असतो, 'ही गोष्ट आहे, आपण घरात आहोत, वाटेल तेव्हा बंद करू.' शरीर धावायला तयार आणि मन निर्धास्त, या मिश्रणातून मजा येते. निर्धास्तपणा वजा केला, की मजाही जाते.

ताईंच्या बाबतीत तेच झालं होतं. त्या ऐकत होत्या त्या मालिकेत सुरुवातीला जमिनीतून आल्यासारखा खोल गडगडाट वाजायचा. ऐकता ऐकता त्यांना झोप लागायची, गोष्टी मात्र एकामागून एक रात्रभर चालू राहायच्या. आणि ताईंनी लहानपणी असा गडगडाट खरोखर ऐकला होता. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यात त्यांची आजी आणि धाकटा भाऊ होते. "तो आवाज अजून कानात आहे साहेब," एवढंच त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दोन भेटींत मीही नाही.

मोठ्या आघाताची आठवण मेंदू अनेकदा शब्दांपेक्षा आवाजात, वासात जपतो. तसाच आवाज पुन्हा आला, की पुढचा भाग 'ही गोष्ट आहे' म्हणायच्या आत शरीर त्या रात्रीत जाऊन पोचतं. आपल्या भागात याला निमित्तंही मिळत राहतात. नांदेड शहरात २००६-०७च्या सुमारास जमिनीतून आवाज येत होते. २०२४च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोलीकडच्या धक्क्यांनी नांदेड-परभणीची घरं हलली.

इथं मला विज्ञानकथेचं महत्त्व वाटतं. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये टोपणनावानं स्पर्धेला पाठवलेल्या 'कृष्णविवर'पासून आपल्याकडे अनेकांना तिची गोडी लागली. तिथं अनोळखी गोष्टीमागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधता येतं. भयकथा ते कारण शेवटपर्यंत लपवते. ताईंना मी कारण सांगितलं. जमिनीत फार खोल नसलेला लहानसा धक्का बसला, की त्याच्या जलद लहरी पृष्ठभागाशी पोचून हवा हलवतात. तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. धडधडीचं कारणही सांगितलं. गोळी हळूहळू कमी केली, मनोविकार विभागात पाठवलं. गोष्टी सोडायला सांगितल्या नाहीत. त्या दुपारी, इअरफोनशिवाय, पार्श्वसंगीत नसलेल्या ऐकायला सांगितल्या. दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा आठवड्यातल्या चार-पाच रात्री सलग झोप लागत होती. बाकीच्या रात्री अजून जाग येते.

ऐकणाऱ्यांनी एवढं सांभाळावं:

झोपण्याआधीचा तासभर भयकथा नको. ऐकायचीच तर ठरावीक वेळेनं आपोआप बंद होणारा टायमर लावावा.

कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला, की पुढची किंकाळी थेट कानात आदळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते.

गाडी चालवताना दचकवणाऱ्या गोष्टी टाळाव्यात. हा नियम मी उशिरा शिकलो.

लहान मुलांना एकट्यानं, अंधारात ऐकायला देऊ नये. सोबत बसून ऐकावं आणि नंतर त्याबद्दल बोलावं.

गोष्ट बंद केल्यावरही भीती जात नसेल, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसत असेल, झोप आठवडेच्या आठवडे मोडत असेल, तर तो भित्रेपणा नाही. त्यावर उपचार आहेत. जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवावं किंवा १४४१६ या 'टेलि-मानस'च्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलावं. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी रात्री काय ऐकता ते आपणहून सांगावं.