शाळेची वाट आणि छोटी सायकल

नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात मुलीला शाळेत पोहोचविताना, पाच-सहा वर्षांची बालके स्वतःच्या सायकलीवर आणि त्यांच्या डावीकडून, म्हणजे वाहनांच्या बाजूने, खांद्यावर अलगद हात ठेवून चाललेले पालक असे जे दृश्य नित्य दिसते, त्याविषयी एका पाहुण्यांनी परवा पृच्छा केली, म्हणून हे लेखन.

ही निर्धास्तता आपोआप लाभलेली नाही. १९७१ साली त्या देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले, मृत्युमुखी पडली, तेव्हा संतप्त पालकांनी ‘बालहत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभारली. पुढे १९७६ साली वस्तीतील काही रस्त्यांवर वाहनांनी पादचाऱ्याच्या गतीनेच चालावे अशी कायद्यात तरतूद झाली.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नुकसानभरपाईचा दंडक: चौदा वर्षांखालील सायकलस्वार मुलाला मोटारीची धडक बसली, तर मुलाकडून कसूर झाली असली तरीही, अगदी विरळा अपवाद वगळता, संपूर्ण जबाबदारी मोटारचालकावरच येते.

प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांत मुले वाहतुकीची परीक्षाही देतात.

आरंभ मात्र घरीच होतो. आमच्या मुलीच्या सायकलीची पेडल काढून, दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकतील इतकी बैठक खाली घेतली, तेव्हा आधाराच्या चाकांवाचूनच तिला तोल साधला.

बैठकीची उंची, ब्रेक, वय यांविषयी काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे; सविस्तर उत्तर देईन.