वाटेवरचें स्नान

प्रवासाला निघालेल्या मराठी कुटुंबाची पहिली चिंता मुक्काम कोठें करावयाचा ही असते, आणि दुसरी, सकाळीं अंघोळीचें काय, ही. अन्न शिदोरींतून नेतां येतें, अंथरूण वळकटींत बांधतां येतें; पण न्हाणीघर बरोबर कसें न्यावें? प्रवास देवदर्शनाचा असेल तर मग बोलावयासच नको. घरांतील वडील मंडळी एक वेळ चहावांचून देवळाची वाट धरतील, परंतु स्नानावांचून पायरी चढणार नाहींत.

पूर्वीं हा प्रश्न धर्मशाळेची विहीर किंवा गांवची नदी सोडवीत असे. आतां निजण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मुक्कामी मोटारी, ज्यांना कॅम्पर व्हॅन म्हणतात, त्या आपल्याकडेहि दिसूं लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरणहि जाहीर केलें. परदेशांत अशा मोटारींसाठीं जागोजागीं तळ असतात. तेथें गाडी उभी केली, कीं विजेची तार आणि पाण्याची नळी जोडून घेतां येते. आपल्या बहुतेक वाटांवर ती सोय नाहीं. तेव्हां नळ नाहीं, वीज नाहीं, अशा ठिकाणीं चार माणसांच्या कुटुंबानें स्वच्छ, निर्धोक आणि दुसऱ्याच्या तोंडचें पाणी न पळवितां स्नान कसें करावें, याचा आज विचार करूं.

उदाहरणादाखल आपण नरसी नामदेव या गांवीं जाऊं. हिंगोली जिल्ह्यांत, कयाधू नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. आषाढीची वारी करून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीस परतवारीसाठीं येथें लोटतात. गुरु ग्रंथ साहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, म्हणून नांदेडला आलेले शीख यात्रेकरूहि इकडे वळतात. जवळच औंढा नागनाथाचें ज्योतिर्लिंग आहे. अशा यात्रेस निघालेलें एक शहरी कुटुंब हिंवाळ्यांतील एका संध्याकाळीं गांवाबाहेर येऊन थांबलें आहे, असें समजा. पहाटे गारठा पडणार आहे, दर्शनास लवकर जावयाचें आहे, आणि पाणी आहे तें गाडींत बरोबर आणलेलें तेवढेंच.

पहिला प्रश्न साधनांचा नव्हे, मापाचा आहे. शहरांतील घरीं फवाऱ्याखालीं मिनिटास ८ ते १० लिटर पाणी सहज वाहून जातें. दहा मिनिटें उभें राहिलें, कीं ८० ते १०० लिटरांचा हिशेब झाला. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशन या योजनेनें खेड्यांतील माणसासाठीं, सर्व कामें मिळून, दिवसास ५५ लिटर पाणी हें मान ठरविलें आहे. म्हणजे आपलें एक ऐसपैस स्नान म्हणजे खेड्यांतील माणसाचें पिण्यापासून धुण्यापर्यंतचें जवळजवळ दोन दिवसांचें पाणी! आणि हा मराठवाडा आहे. याच मराठवाड्यांतील लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें होतें, हें विसरून चालणार नाहीं.

मग स्नानाला खरोखर किती पाणी लागतें? हें आपल्या आजीला विचारा. लिटरभराचा तांब्या घ्या. अंग भिजविण्यास तीन तांबे पुरतात; साबण लावतांना एकहि नको; फेस उतरविण्यास सहा-सात. एकूण दहा लिटरांत मोठ्या माणसाचें स्नान नीट होतें. केस धुवावयाचे असतील त्या दिवशीं दीडपट धरा. चार माणसांचे चाळीस लिटर, दोन दिवसांचे ऐंशी. ऐंशी लिटर म्हणजे ऐंशी किलो वजन, हेंहि ध्यानांत असावें. तें गाडीच्या टपावर न चढवितां तळाशीं, दोन आंसांच्या मधोमध, घट्ट बांधून ठेवावें. नाहींतर वळणावर पाणी एका अंगास धांवतें आणि गाडीस हिसका बसतो.

दहा लिटरांचें हें माप पक्कें ठरलें, कीं दुसरा प्रश्न येतो. पाणी डोक्यावर चढवावें कसें? सर्वांत साधें उत्तर म्हणजे बादली आणि तांब्या. त्यांत बिघडण्यासारखें कांहीं नाहीं, आणि किती पाणी उरलें तें डोळ्यांना दिसतें. परंतु गाडीच्या आडोशाला अडचणीच्या जागेंत वाकून तांबे ओतणें वृद्धांस जड जातें. त्यांना उभ्यानें किंवा स्टुलावर बसून अंगावर धार घेतां आली तर बरें वाटतें. त्यासाठीं चार उपाय आहेत.

पहिला उपाय टांगत्या पिशवीचा. काळ्या जाड प्लास्टिकची दहा ते वीस लिटरांची पिशवी, तिच्या तळाशीं नळी, आणि नळीच्या टोंकाला तोटी व झारीसारखें तोंड. पिशवी डोक्याच्या वर टांगली, कीं पाणी आपल्याच वजनानें खालीं येतें. धार संथ असते, परंतु अंग धुण्यास ती पुरेशी होय. एकच सावधगिरी ठेवावी. वीस लिटर म्हणजे वीस किलो. वाळकी फांदी किंवा गाडीचा आरसा हें वजन टांगण्याची जागा नव्हे.

दुसरा उपाय टपावरील नळाचा. चार इंची, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा, २ मीटर लांबीचा नळ दोन्ही टोंकांस बंद करून टपाच्या कडेस बसविला, तर त्यांत सुमारे १६ लिटर पाणी मावतें. हें काम कोणताहि नळकारागीर करूं शकेल. नळास काळा रंग द्यावा, तोटीकडे थोडा उतार ठेवावा, आणि वरच्या बाजूस हवा येण्याजाण्यास छिद्र ठेवण्यास विसरूं नये. छिद्र नसेल तर पाणी अडखळत येतें, आणि उन्हानें तापलेल्या पाण्याचा दाब आंतल्या आंत कोंडून राहतो.

तिसरा उपाय हातपंपाच्या फवाऱ्याचा. बागेंत वापरतात तसा पांच ते आठ लिटरांचा डबा असतो. दांडा वरखालीं केला, कीं आंत हवा दाबली जाते आणि ती पाण्यास बाहेर लोटते. उंचावर टांगण्याची यातायात यांत नाहीं. परंतु येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. कापूस, सोयाबीन, तूर पिकविणाऱ्या या भागांत घरोघर औषधफवारणीचे पंप असतात, आणि स्वच्छ धुतलेला आहे म्हणून तो कोणी अगत्यानें पुढेंहि करील. तो नम्रपणें नाकारावा. कीटकनाशक त्वचेंतूनहि शरीरांत जातें, आणि त्याचा अंश नळींत, रबरांत व सांध्यांत चिकटून राहतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या खरिपांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक माणसें दगावलीं, ही गोष्ट फार जुनी नाहीं. स्नानाचा फवारा नवा विकत घ्यावा, त्यावर ठळक अक्षरांत तसें लिहावें, आणि दुसऱ्या कोणत्याहि कामास तो लावूं नये.

चौथा उपाय विजेच्या लहान पंपाचा. मुठीएवढा पंप बादलींत सोडावयाचा आणि त्याची तार गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीस जोडावयाची. हा पंप मिनिटास अडीच-तीन लिटर पाणी वर चढवितो. त्याच्या तोंडाशीं दाबण्याची कळ असलेला घ्यावा. साबण लावतांना धार बंद राहिली, तरच दहा लिटर पुरतात.

आतां तिसरा प्रश्न, आणि खरा खर्चाचा, तो म्हणजे पाणी तापविण्याचा. येथें थोडें गणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. पहाटेचें पाणी २० अंश उष्णतेचें आहे असें धरा. स्नानास ४० अंशांचें हवें. दहा लिटर पाणी २० अंशांनीं तापविण्यास २०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या भाषेंत हे सुमारे २३० वॅट-तास झाले. साधारण मोटारीच्या बॅटरींत सारी मिळून ५०० ते ६०० वॅट-तासांची वीज असते. म्हणजे एका माणसाचें पाणी तापवितांना ती निम्म्याच्या घरांत रिती होईल, आणि सकाळीं गाडी सुरू होणार नाहीं. उलट तेंच पाणी नुसतें चढविण्यास पंपाला चार मिनिटांत तीन वॅट-तासहि लागत नाहींत. पाणी हलविणें स्वस्त आहे, तापविणें महाग. म्हणून बॅटरीनें पाणी उपसावें, तापवूं मात्र नये.

तापविण्यास सूर्य आहे. ४० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर लांब अशी काळी पिशवी दुपारच्या स्वच्छ उन्हांत पसरून ठेवली, तर तिच्यावर सुमारे २०० वॅटांचें ऊन पडतें. त्यांतील निम्में जरी पाण्यांत उतरलें, तरी अडीच तासांच्या आंत दहा लिटर पाणी स्नानाजोगें होतें. अडचण इतकीच, कीं ऊन दुपारीं आणि स्नान पहाटे! त्यावर तोड अशी, कीं आपल्याकडे लग्नकार्यांत गार पाण्याचे जे जाड भिंतींचे मोठे जार आणतात, त्यांत हें कोमट पाणी संध्याकाळीं भरून वर घोंगडी लपेटावी. गारवा धरणारें भांडें ऊबहि धरतें. सकाळपर्यंत ऊब थोडी उतरेल, ती भरून काढण्यास चुलीवरील दोन तांबे पुरतील. उन्हाळ्यांत मात्र उलट सावध असावें. टपावरील नळांतील पाणी दुपारीं अंग पोळण्याइतकें तापूं शकतें. लहान मुलाच्या अंगावर घेण्यापूर्वीं तें कोपरानें पाहावें. असें तापून राहिलेलें पाणी पिऊं नये, आणि शिळेंहि ठेवूं नये.

आभाळ भरून आलें असेल तर चुलीकडे वळावें. सगळें पाणी तापविण्याची गरज नाहीं. आपल्या घरांत विसण घालण्याची चाल आहे, तीच येथें कामीं येते. उकळत्या पाण्याचा एक भाग आणि २० अंशांच्या पाण्याचे तीन भाग मिसळले, कीं बरोबर ४० अंशांचें पाणी होतें. म्हणजे दहा लिटरांसाठीं अडीच लिटरांचें एक पातेलें उकळलें कीं झालें. गॅसच्या शेगडीवर याला सुमारें ३५ ते ४० ग्रॅम गॅस खर्चीं पडतो. जुना तांब्याचा लहान बंब घरांत पडून असेल तर तोहि आणावा. त्याच्या पोटांतून जाणाऱ्या धुराड्यामुळें थोड्या जळणांत पाणी तापतें, आणि या भागांत तुराट्या, पऱ्हाट्या विकत मिळण्यास अडचण नसते.

मात्र शेगडी, बंब किंवा गॅसचा गिझर, कांहींहि असो, तें गाडीच्या बाहेर, उघड्यावर पेटवावें. बंद जागेंत ज्योतीला प्राणवायु कमी पडला, कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो पदार्थ प्राणवायु वाहून नेतो, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट चिकटतो. माणसास गुंगी येते, आणि दार उघडण्याचें बळ राहत नाहीं. घरच्या मोठ्या न्हाणीघरांत जें घडतें, तें खोक्याएवढ्या मोटारींत अधिक लवकर घडेल. थंडीचें निमित्त सांगून या नियमाला कोणी अपवाद मागितला, तर देऊं नये.

शेवटचा प्रश्न जागेचा. स्त्रियांस आडोसा नसेल तर बाकी सारी सोय व्यर्थ आहे. गाडीचें मागील दार वर उघडून त्याभोंवतीं जाड, गडद कापड सोडावें, खालीं लांकडी जाळीचा पाट ठेवावा. दिवा कापडाच्या आंत लावूं नये. आंतल्या उजेडानें सावली पडद्यावर उमटते. तो बाहेरच्या बाजूस, पडद्यापासून दूर ठेवावा. पाटाखालीं परात किंवा टोपलें ठेवून सांडपाणी धरावें आणि झाडाच्या बुंध्याशीं, मातींत जिरेल असें, ओतावें. विहीर, हातपंप आणि नदी यांच्यापासून साठ मीटर, म्हणजे ऐंशी पावलें तरी, दूर राहावें. कयाधू ही पावसावर जगणारी नदी आहे. पाणी उतरूं लागलें, कीं जें डबक्यांत उरतें, त्यांत साबणाचा फेस मिसळला तर तो वाहून जात नाहीं, तेथेंच राहतो. तेंच पाणी संध्याकाळीं गुरें पितात.

कोणते साधन घ्यावें असें विचाराल, तर चौघांच्या कुटुंबास एक काळी पिशवी, एक कळीचा लहान पंप, एक जार, एक पातेलें आणि आडोशाचें कापड, एवढें पुरे आहे. बादली-तांब्या तर असावयाचेच. पंप बिघडला तरी स्नान अडणार नाहीं. पाणी शक्यतों मोठ्या गांवीं भरून घ्यावें. खेड्यांत मागण्याची वेळ आलीच, तर पिण्यापुरतें मागावें, आणि स्नानाच्या दहा लिटरांत त्या दिवशीं पांचच लिटर वापरावेत. अंग पुसून घेतलेल्या मनुष्यासहि देवाच्या पायरीशीं कोणी अडवीत नाहीं.

तीर्थाला जाणाऱ्यानें तेथील पाणी कमी करून येऊं नये, इतका एक नियम पाळला, तर बाकीची युक्ति ज्याची त्याला सुचेल. ज्या घरीं आपण पाहुणे म्हणून जातों, तेथील रांजण परत निघतांना भरलेला दिसावा, ही आपली जुनी रीत आहे. मोटारीला चार चाकें लागलीं म्हणून ती बदलण्याचें कारण नाहीं.