चहाचा तुरटपणा कुठे कुठे पोचतो

कोऱ्या चहाचे चार थेंब लोखंडी विळीच्या पात्यावर सांडले आणि पुसायचे राहिले, तर थोड्या वेळाने तिथे निळसर काळा डाग पडतो. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तोही असाच काळाकुट्ट होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून लिहायची शाई करत, तिच्या काळेपणामागेही हीच क्रिया होती. आवळा, हिरडा आणि चहा या तिघांतही तुरट द्रव्यं भरपूर असतात आणि लोह भेटलं की ती त्याला धरून बसतात. जेवता जेवता चहा प्यायला तर पोटातही तेच घडतं. चहा प्रकृतीला चांगला की वाईट, हा वाद आपल्याकडे घरोघरी चालतो. त्यात हिरवा चहा, अँटिऑक्सिडंट, ॲसिडिटी यांना जागा मिळते, पण चहा आणि लोह यांच्या या नात्याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते समजून घ्यायचं तर आधी पानापाशी जायला हवं.

हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग असा सगळा चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचा. चीनमधला लहान पानांचा आणि आसामातला मोठ्या पानांचा, हे त्याचे दोन मुख्य प्रकार. (आपला गवती चहा या कुळातला नव्हेच. ते गवत आहे, त्याला वास येतो तो सिट्रालचा, आणि कॅफीन त्यात औषधालाही नसतं.) चहाचं कोवळं पान सुकवून तोललं तर वजनाचा पाव ते एक तृतीयांश भाग एकट्या पॉलिफेनॉल द्रव्यांचा भरतो. त्यांत मोठा वाटा कॅटेचिन गटाचा, आणि कॅटेचिनांमध्ये सर्वाधिक असतं ते एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, म्हणजे हिरव्या चहाच्या जाहिरातींतून आपल्या कानावर आलेलं ईजीसीजी.

झाड हा खटाटोप स्वतःच्या बचावासाठी करतं. कॅटेचिनांचा स्वभाव प्रथिनांना चिकटण्याचा आहे. अळीने पान कुरतडलं की ती तिच्या तोंडातल्या आणि आतड्यातल्या प्रथिनांना चिकटतात आणि पान पचायला जड होतं. आपल्या तोंडात लाळेतली जी प्रथिनं जिभेला ओलं, गुळगुळीत ठेवतात, त्यांनाच कॅटेचिन ओढून घेतं. मग तोंड कोरडं पडतं, जीभ आकसल्यासारखी वाटते आणि आपण म्हणतो, चहा तुरट झालाय. कॅफीनचं कामही संरक्षणाचंच. म्हणून ते कळीत आणि सर्वांत कोवळ्या पानात जास्त असतं, कारण किडीचा पहिला डोळा त्यांच्यावरच असतो. 2017 साली चिनी शास्त्रज्ञांनी चहाचा जनुकसंच प्रसिद्ध केला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट पक्की झाली. चहाच्या आणि कॉफीच्या झाडांनी कॅफीन तयार करण्याची विद्या एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपापल्या वाटेने मिळवलेली आहे.

तिसरं द्रव्य थिआनिन. जपानमध्ये याजिरो साकातो यांनी ते 1949 साली ग्योकुरो चहातून वेगळं काढलं. हे अमिनो आम्ल मुळांत बनतं आणि वर पानांत जातं. ऊन लागलं की त्यापासून पुढे कॅटेचिन तयार होतात. म्हणून जपानी शेतकरी ग्योकुरो आणि माचाच्या झाडांवर तोडणीआधी आच्छादन घालतात. सावलीतल्या पानात थिआनिन टिकून राहतं आणि चहाला तुरटपणाऐवजी गोडसर, रसाळ चव येते.

या रसायनांची गाठ पहिल्यांदा नीट सोडवली ती मिचियो त्सुजिमुरा यांनी. त्यांचा जन्म 1888 चा. 1920 साली त्या होक्काइदोच्या विद्यापीठात संशोधनासाठी गेल्या, तेव्हा तिथे मुलींना प्रवेशच नव्हता. प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढे तोक्योच्या विद्यापीठात आल्या, तर 1923 च्या भूकंपात ती प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली आणि रिकेन या संशोधन संस्थेत नव्याने मांडामांड करावी लागली. उमेतारो सुझुकी यांच्या हाताखाली काम करताना 1924 मध्ये त्यांनी सैतारो मिउरा यांच्याबरोबर हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं. 1929 साली चहातून कॅटेचिन वेगळं केलं, पाठोपाठ टॅनिनचे स्फटिक मिळवले, आणि 1932 मध्ये त्या कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानमधल्या पहिल्या महिला ठरल्या. प्रबंधाचा विषय होता हिरव्या चहातले रासायनिक घटक. आज जगभर हिरव्या चहाच्या खोक्यांवर कॅटेचिनचा गाजावाजा असतो, पण या बाईंचं नाव आपल्याकडे सहसा कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण त्सुजिमुरांनी अभ्यासला तो चहा आपल्या पातेल्यातला नव्हे. हिरव्या चहाची पानं तोडल्याबरोबर वाफवतात किंवा कढईत परततात. त्या उष्णतेने पानातली विकरं निकामी होतात आणि कॅटेचिन जसेच्या तसे उरतात. आपली दाणेदार पावडर सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) पद्धतीने बनते. आसामातल्या अमगुरी बागेत विल्यम मॅकर्चर यांनी 1930 च्या सुमारास या पद्धतीचं यंत्र आणलं. आधी पानं बारा-अठरा तास कोमेजू देतात. मग दातेरी रूळ उलटसुलट वेगाने फिरतात आणि त्यांमधून जाताना पान चिरडतं, फाटतं, गोळी वळतं. पेशीत कॅटेचिन असतात रिक्तिकेत आणि त्यांना ऑक्सिजनशी जोडणारं विकर असतं हरितलवकात. झाडावर असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. रुळांखाली पडदे फाटतात, दोन्ही एकत्र येतात, हवा लागते आणि तासा-दीड तासात हिरवागार लगदा तांबूस होतो, कच्च्या पाल्याचा वास जाऊन चहाचा वास सुटतो. हे आंबवणं नव्हे, यात जंतूंचा काही संबंध नसतो. योग्य क्षणी गरम हवेने सुकवून हे थांबवायचं. तो क्षण ओळखण्यात कारखान्यातल्या माणसाचं सगळं कसब.

तांबूस रंग देणारी द्रव्यं कोणती, हे जोरहाटच्या टोकलाई संशोधन केंद्राशी जोडलेल्या ई. ए. एच. रॉबर्ट्स यांनी 1950 च्या दशकात उलगडलं. सोनेरी, चहाला तरतरी देणारी ती थिआफ्लेविन, आणि लालसर तपकिरी, चहाला भरीवपणा देणारी ती थिआरुबिजिन. कॅटेचिन एकमेकांना जोडले जाऊनच ही मोठी द्रव्यं बनतात, म्हणून त्यांचा चिकटण्याचा गुण कायम राहतो. घरी सहज पाहता येतं. चांगला कडक कोरा चहा काचेच्या पेल्यात गार होऊ द्या, तो ढगाळ होतो, कारण थंडीत ही द्रव्यं कॅफीनला धरून गढूळ बनतात. गरम केला की पुन्हा नितळ. त्यात लिंबू पिळलं तर रंग उतरतो, कारण थिआरुबिजिन आम्लात फिकी पडतात.

दूध घातलं की काय होतं, तेही याच स्वभावात बसतं. लाळेतल्या प्रथिनांऐवजी दुधातलं केसिन ही द्रव्यं आधीच पकडून ठेवतं आणि तुरटपणा बोथट होतो. उकळून उकळून काढलेला कडक चहा आपल्याला सोसतो तो दुधामुळे. यातून चहाचे फायदे बुडतात का? 2007 साली बर्लिनमध्ये सोळा महिलांवर झालेल्या अभ्यासात कोऱ्या चहाने रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत झाली, दूध घातल्यावर तो परिणाम दिसला नाही. उलट 2022 मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास पाच लाख लोकांच्या नोंदींवरून असं दिसलं, की रोज दोन किंवा अधिक कप काळा चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 9 ते 13 टक्क्यांनी कमी होतं, मग चहा दुधाचा असो की बिनदुधाचा. पहिला अभ्यास लहान, काही तासांचा. दुसऱ्यात चहा पिणाऱ्यांच्या बाकीच्या सवयी पूर्ण वेगळ्या काढता येत नाहीत. मी स्वतः दोन्हींवर फार मोठी इमारत उभारणार नाही. जपानच्या मियागी प्रांतात 40,530 प्रौढांचा माग ठेवणाऱ्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हिरवा चहा जास्त पिणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले, पण कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही.

दुसरं असं, की ईजीसीजी आतड्यातून रक्तात फार थोडं शोषलं जातं. बरंचसं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. परीक्षानळीत जे द्रव्य पेशींवर पराक्रम गाजवतं, ते शरीरात त्या रूपात आणि त्या प्रमाणात पोचतच नाही. प्रमाण वाढवायला म्हणून लोक अर्काच्या कॅप्सूल घेतात, आणि तिथे धोका सुरू होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हं दिसू शकतात. कपातल्या साध्या हिरव्या चहाबद्दल तिची अशी तक्रार नव्हती. वजन उतरवायला अशा गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

चहातला खरा अपाय बऱ्याचदा साखरेचा असतो. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे साधारण 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. आणि चटका बसेल असा चहा नको: 65 अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव आहे, असं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2016 मध्ये नोंदवलं. बशीत ओतून पिणारी आपली वडीलधारी मंडळी या बाबतीत शहाणी होती.

आता लोह. 1975 साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात पाव किंवा भात-बटाटा-कांद्याचं सूप यांच्याबरोबर चहा घेतला तेव्हा लोहाचं शोषण घटलं. 1999 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिला, तर शोषण 79 ते 94 टक्क्यांनी कमी झालं, आणि दूध घालूनही फारसा फरक पडला नाही. म्हणजे 'आमचा दुधाचा आहे, चालतो' हे म्हणणं टिकत नाही. हा परिणाम होतो तो मुख्यतः धान्य, डाळी, पालेभाज्यांतल्या लोहावर, मांसातल्या लोहावर त्याची झळ कमी लागते. म्हणजे नेमका आपल्या ताटावर. बाजरीची भाकरी लोहासाठी खावी आणि वर लगेच कपभर चहा घ्यावा, तर बाजरीतलं निम्मंशिम्मं लोह वायाच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. जिथे देशातला जवळपास निम्मा चहा पिकतो त्या आसामात तर 65.9 टक्के. याचं खापर चहावर फोडणं चूक होईल. अपुरं अन्न, जंत, पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं ही कारणं कितीतरी मोठी आहेत. पण ज्या बाईच्या ताटात मुळातच लोह थोडं, तिच्या बाबतीत चहाची वेळही मोजायला हवी. दिवसाची सुरुवात चहा-पोळीने किंवा चहा-भाकरीने होते आणि कित्येक घरांत बाईचा नाश्ता तेवढाच असतो. चहा भूकही मारतो, त्यामुळे पुढचं खाणंही मागे पडतं.

उपाय महागडा नाही. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या बारा महिलांवरच्या प्रयोगात लोहयुक्त लापशीबरोबरच चहा दिला तेव्हा शोषण सुमारे 37 टक्क्यांनी घटलं, आणि तासाभराने दिला तेव्हा ती घट जवळजवळ भरून निघाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहारविषयक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. आशाताई आणि अंगणवाडीताई लोहाच्या गोळ्या देतात, तेव्हा 'चहाबरोबर घेऊ नका' एवढं सांगून भागत नाही, कारण सकाळी गोळी घ्यायला हाताशी चहाच असतो. 'रात्री जेवल्यावर लिंबूपाण्याबरोबर घ्या' असं सांगितलं तर दोन्ही साधतं: क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला मदत होते आणि रात्री त्या वेळी सहसा कुणी चहा टाकत नाही.